मागून येणारा भाऊ

गिरेवीच्या चौकीवर शिपाई परवाना
उलटा धरतो, सुलटा धरतो, मग विचारतो,
एकटीच?

त्यांच्या भाषेत एकटा आणि एकटी असा भेद नाही.
मार्तो. बाईला, बाप्याला,
कुंपणाबाहेर राहिलेल्या मेंढीला, तोच एक शब्द.
तरी तिला विचारताना
त्याला कुठून तरी एक वेलांटी फुटतेच.

एलिसो म्हणते, नाही.
भाऊ येतोय मागून.

भाऊ नाहीये. रुस्तावीच्या नवव्या मजल्यावर वाढलेली
एकुलती एक पोर.
पण अलवानीहून वर आणणाऱ्या ट्रकवाल्याला
घाईत म्हणून टाकलं ते टाकलं,
तेव्हापासून तो येतोच आहे.
ओमालोत त्याला नाव मिळालं, गेला.
(असतं तिकडे असं नाव.)
दार्तलोत गुडघा दुखायला लागला, म्हणून मागे.
चेशोत त्याचं लग्न मोडलं,
तर दूध विकणारी बाई दारात बसून हळहळली.

पिशवीला लटकलेलं सव्वा किलो फुकटचं ओझं :
जुन्या बाजारातले चव्वेचाळीस नंबरचे बूट.
रोज संध्याकाळी ती ते तंबूच्या तोंडाशी मांडते,
एक सरळ, एक आडवा पडलेला.
आत शिरून चेन ओढते
आणि ऐकत राहते.
नदी. नदी. कुत्रा. नदी.
पाऊल?
नदी.

आई फोनवर म्हणाली होती,
डोंगर काय टीव्हीवर दिसत नाहीत?
भीती वाटत नाही असं एलिसो म्हणालीच नव्हती.
भीती बाटलीसारखी, रोज भरून घ्यायची,
रोज थोडी संपवायची.
पण वळणापलीकडे काय आहे
ते दुसऱ्या कुणी सांगितलेलं तिला चालत नाही.

काल पार्स्माच्या अलीकडे वाट फुटली.
वर दगडी देवस्थान, बोकडांची शिंगं ठेवलेलं,
तिथून बाईमाणसानं जायचं नाही.
बायकांची वाट खालून, काटेरी झुडपांतून.
ती खालून गेली.
गेला वरून गेला असता.
वाटा पुन्हा जुळतात तिथे ती थांबली,
मोज्यातली कुसळं काढत, उगाच,
आणि तो येईना तेव्हा
क्षणभर खरीच काळजी वाटली.

रात्री ख्वारामझेच्या घरी.
सकाळी तिने दह्याच्या दोन पोळ्या बांधल्या.
ही तुझी. ही त्याची.
पैसे एकीचेच घेतले. हसली नाही.
फाटकापाशी एवढंच बोलली :
माझाही असाच यायचा मागून,
चीज घेऊन खिंड ओलांडायचे तेव्हा.
नदी पहाटे उतर, बर्फ वितळायच्या आत.
त्याच्यासाठी थांबू नकोस.

अत्सुंता खिंडीत धुकं.
चुऱ्याच्या घसरणीवरून समोरून एक लाल टोपी.
जवळ आल्यावर, मुलगीच. ओठ फुटलेले.
दोघी एकदम :
भाऊ येतोय मागून.
नवरा येतोय मागून.

दोघींनी एकमेकींच्या खांद्यावरून पाहिलं.
धुकं.
लाल टोपीची नजर बुटांवर गेली.
किती नंबर?
चव्वेचाळीस.
माझ्याकडे बनियन आहे त्याचं. वाळत घालते.

मग गेलाची पोळी दोघींनी मोडून खाल्ली,
कातळाला टेकून, हातमोजे न काढता.
खाली दुसऱ्या झोपडीतला मेंढपाळ बरा आहे,
तिसऱ्यातला नको.
कुत्री आली तर पळू नकोस, उभी राहा,
दगड उचलल्यासारखं कर.
शिपाई विचारेलच.
नाव पिक्रिया, नखांखाली माती,
आणि उरलेली अर्धी चॉकलेटची वडी तिने
न विचारता एलिसोच्या खिशात कोंबली.

शातिली अजून दीड दिवस.
वीस पावलांत टोपी दिसेनाशी झाली, आणि वरून हाक आली :
भाऊ भेटला तर काय सांगू?

सांग, एलिसो ओरडली,
मी पुढे गेले.